ठोठावून गप्प राहणारे

सबंध सुरतेत आमच्या साडूंइतका दारांचा संशय घेणारा दुसरा माणूस सापडला, तर मी पांडेसऱ्यापासून कतारगामपर्यंत उलटा चालत जाईन. पेशाने ते माहितीपुस्तिका लिहितात: सर्व्हरच्या कर्नेलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यातच, बसून बाहेरून येणाऱ्या जोडण्या वाटून देणाऱ्या लोड बॅलन्सरची. त्यातली सुरक्षेची एकेक सेटिंग ते अशी उलटीपालटी करून बघतात, की मुलीसाठी स्थळ पाहणारा बाप त्यांच्यापुढे बेफिकीर ठरावा. एका स्वल्पविरामापायी ते दोन दिवस जेवले नव्हते. त्यांची बायको म्हणते दोन तास, पण तिला आकडे कधीच जमले नाहीत. लिहिलेलं प्रत्येक पान आधी आईला अहिराणीत सांगायचं, हा त्यांचा नेम. "आईला कळलं तर इंजिनीयरलाही कळेल," ते म्हणतात, "कदाचित."

एक पान मात्र तीन आठवडे अडलं होतं. बाहेरून कोणी विचारतं, "आहे का कोणी?" यंत्र म्हणतं, "आहे, बोला." आणि पुढे विचारणारा बोलतच नाही. यंत्र वाट पाहत राहतं. हल्लेखोर अशा हजारो मुक्या हाका मारून मेमरी भरून टाकतात, म्हणून एक सेटिंग ही वाट पाहणं आखडतं घेते. आता हे आईला कसं सांगायचं? साडूंचा धाकटा भाऊ इच्छापोरला कामाला म्हणून गेला, तो चार वर्षं परतलेला नाही. आणि रोज दुपारी तीनला त्यांच्या चौथ्या मजल्यावर लिफ्ट आपोआप येते. मी स्वतः पाहिलंय. आत कोणी नसतं, जाळीला कोणाचा हात लागत नाही, तरी आतली रेकॉर्डमधली बाई हिंदीत म्हणते, "कृपया दरवाज़ा बंद करें." मावशी, म्हणजे साडूंची आई, घराचं दार उघडतात, "ये" म्हणतात आणि थांबतात. साडू तेवढा वेळ कीबोर्ड बडवत बसतात. लिफ्टचा मिस्त्री तीनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा तो जिन्याने उतरला.

परवा ऑफिसने पान मागितलंच. दुपारी माझ्यादेखत साडूंनी मान खाली घालून ते आईला वाचून दाखवलं.

"म्हंजे जो बोलस नही, त्याले इसरी जावानं?" मावशींनी विचारलं.

"कायम नही, माय. गर्दी व्हयनी तवयच."

"अन् गर्दी नही व्हयनी तं?"

"तं मशीन वाट देखस."

"चांगलं लिखं," मावशी म्हणाल्या. "आपला घरमा कोठे शे गर्दी?"

तेवढ्यात तीन वाजले आणि बाहेर लिफ्टची जाळी आपोआप सरकली. साडू आईच्या आधी उठले, दार सताड उघडलं, आणि रिकाम्या लिफ्टकडे पाहत हळूच म्हणाले, "ये रे भो." आतला पिवळा दिवा लागलेलाच राहिला. आम्ही तिघं बराच वेळ त्या उजेडाकडे पाहत उभे होतो.