मावळता सूर्य खोडताना

ताई मटार सोलत होती. मी तिला माझा पहिला लेख वाचून दाखवत होतो, बाबांच्या शेवटच्या दिवसावरचा. त्यात मावळता सूर्य होता, थरथरती पानं होती आणि बाबांच्या डोळ्यांत अथांग शांतता होती. वाचता वाचता मलाच गहिवरून आलं.

ताईने मान वर न करता विचारलं, "बाबा दुपारी गेले ना रे? पाणी मागत होते. तू वहीत लिहीत बसला होतास."

नटवे शब्द लपायला फार सोयीचे असतात. सूर्य, पानं, शांतता मी सगळं खोडलं. 'मी पाणी दिलं नाही' हे वाक्य लिहायला मात्र चार वर्षं लागली.

ते वाचून ताई म्हणाली, "आता लिहायला लागलास. पण छापू नकोस. आईला वाटतं, शेवटचं पाणी तू पाजलंस."

मी छापायला दिलं.