मुंबई महूच्या अलीकडे

इंदूरपासून मुंबई जवळ आणि महू लांब, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या मावशीचा नवरा होता. आम्ही त्यांना मावसाजी म्हणायचो. त्यांचा जन्म कापडगिरणीच्या साच्यावर, भोंग्याच्या तालावर गेला होता, त्यामुळे अंतर मोजायचं ते वेळेत, एवढंच त्यांना ठाऊक. महूला टेम्पोतून हाडं खिळखिळी करत दीड तास लागतो, मुंबईचं विमान तासाभरात उतरतं. म्हणजे मुंबई जवळ. कुणी नकाशा काढलाच तर म्हणत, "भिया, तू नकाशात बसून जाणार का? टाइम बोल, टाइम!" महूला त्यांची मोठी बहीण राहायची. मावशीने तिच्याकडे जायचं नाव काढलं, की "इतक्या दूर कोण मरायला जातं" म्हणून कूस बदलत.

गिरणी बंद पडली आणि तिचा भोंगा मुका झाला. मावसाजींची भूक त्या भोंग्यावर लागायची, म्हणून त्यांनी भोंग्याच्या जागी दुपारच्या मुंबईच्या विमानाची नेमणूक करून टाकली. विमान डोक्यावरून गेलं की ताट. विमानाला शिस्त कमी. ते कधी उशिरा यायचं, कधी यायचंच नाही, आणि मावसाजी ओट्यावर आकाशाकडे तोंड करून उपाशी बसायचे. "खाऊन घ्या न आता, डाळ ठंडी होते," मावशी विनवायची. "अजून सुट्टी कुठे झाली?" शेवटी मावशी गच्चीवर जाऊन यायची आणि "गेलं हो, मी बघितलं न," अशी थाप ठोकायची, तेव्हा कुठे ते हात धुवायचे.

खरं तर हे सगळं मुलापासून सुरू झालं होतं. एकुलता एक मुलगा; गिरण्या गेल्या, नव्या कंपन्या आल्या, आणि तो मुंबईला नोकरीवर गेला. गेला बिचारा बसने, पण रडणाऱ्या मावशीला मावसाजींनी विमानाचाच हिशोब सांगितला. "रडतेस काय? बस एक घंट्याचं तर अंतर आहे." पुढे दिवाळ्या कोरड्या जाऊ लागल्या, तरी हिशोब तोच. "येईल न. एक घंट्याचा तर रस्ता!"

मग एकदा मुलानेच विमानाचं तिकीट पाठवलं. मावशीला विमानाची भीती, म्हणून मावसाजी एकटेच निघाले. पोराला गरम मिळावेत म्हणून तिने सकाळी कणकेचे, तुपात बुडवलेले बाफले करून रजईच्या तुकड्यात डबा बांधून दिला. आठवड्याने ते परतले, तेव्हा सगळा मोहल्ला ओट्यावर जमला.

"किती वेळ लागला, मावसाजी?"

"एक घंटा. बोललो होतो न मी."

"आणि बाफले?" मावशीने विचारलं.

"उतरलो तेव्हा गरम होते. पोरगा यायला रात्र झाली." मग डबा मावशीकडे सरकवत म्हणाले, "रोजच होते त्याची. मी झोपलेला असायचो."

मला त्या डब्याचं फार वाईट वाटलं.

त्यानंतर मावसाजी जेवायला विमानाची वाट बघेनासे झाले. दर रविवारी मात्र टेम्पो पकडून ते महूला जाऊ लागले. मी एकदा चिडवलंच, "काय मावसाजी, इतक्या दूर?"

"दूर कुठे रे," ते टेम्पोत चढता चढता म्हणाले, "ताई दारातच उभी असते."