छतावरची फुलं

भिंतीला भिंत लागून असली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपोआप ऐकू येतात, जरा कान लावला की जास्त.

आमच्या शेजारची नंदा पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पीओपीचं काम करते. तिला मुंबईतल्या एका जुन्या हॉटेलचं काम मिळालं. छतावरची प्लास्टरची तुटलेली फुलं पुन्हा होती तशी करायची. झालं, कोपरखैरण्यातली आमची अख्खी बिल्डिंग तिला ‘हॉटेलवाल्या मॅडम’ म्हणायला लागली. सोसायटीच्या गणपतीचं मखर इतकी वर्षं मी करते, मी अजून ‘दोनशे तीनवाल्या’च.

*

आमच्याकडे सत्यनारायणाला आली, प्रसाद घेतला आणि वर बघत म्हणाली, "वहिनी, पंख्याभोवतीचं हे डिझाइन काढा. आत ओरिजनल स्लॅब छान असेल."

ते डिझाइन आमच्या ह्यांनी हौसेने करून घेतलेलं. हे आत येऊन मला म्हणाले, "तिला परत प्रसाद देऊ नकोस."

*

जुन्या भिंतीचा पहिला रंग शोधायला वरचे थर खरवडतात, हे तिच्याकडूनच कळलं. म्हटलं, आपल्याही घरात काहीतरी ओरिजनल असेलच की. कपाटामागे उलथनं घेऊन बसले. गुलाबी गेला, पोपटी गेला, पिवळा गेला, मग नुसतं सिमेंट पडायला लागलं.

पलीकडून नंदाचा आवाज, "वहिनी, हळू. आमचे देव हलतायत."

*

तिचं पहिलंच फूल हॉटेलच्या साहेबांनी परत पाठवलं. म्हणे, फार नवं दिसतंय, जुन्यात मिसळत नाही. दुसरंही तसंच झालं तर काम दुसऱ्याला. माझ्या स्वयंपाकघरात येऊन रडली. मी आल्याचा चहा केला. साखर जरा जास्तच पडली, इतकं मला बरं वाटत होतं.

"तुमच्याशिवाय कोणाला सांगणार, वहिनी?" म्हणाली. मग माझाच चहा मला जाईना.

*

दुसरं फूल वर चढलं त्या दिवशी मला म्हणाली, "चला, तुमची नजर बारीक आहे."

मी ठेवणीतली साडी नेसून गेले. तिथे सगळीकडे परांची आणि धूळ. वर ओळीने फुलंच फुलं.

"साहेब आत्ता येतील. त्याआधी तुम्ही सांगा, ह्यातलं माझं कुठलं?"

मान दुखेपर्यंत बघितलं. शेवटी सापडलंच, एक पाकळी जाड. "ते कोपऱ्यातलं. लांबूनच कळतंय गं," मी अगदी समजुतीने म्हटलं.

"ते इंग्रजांच्या वेळचं आहे."

"मग तुझं कुठलं?"

नंदा वर बघत राहिली. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग परत.

"वहिनी," ती हळूच म्हणाली, "साहेबांना आता कुठलं दाखवू?"