सुलभाने खोडलेलं नाव

दासगावला नणंदेच्या घरी दुपारची जेवणं उरकत होती, तेवढ्यात वनिताचा फोन आला. वनिता नाते गावात सुलभाच्या शेजारी राहते, तिचा स्वयंपाकही तीच करायची. “बाई, लवकर या. ताई उठत नाय. हाका मारून दमले मी...” तिच्या आवाजावरूनच मला कळलं होतं. तरी रिक्षात बसल्यापासून मी सुलभाचाच नंबर लावत होते. महाड ओलांडेपर्यंत पाच-सहा वेळा लावला असेल. पोचले तेव्हा फोन तिच्या उशाशी होता आणि पडद्यावर माझंच नाव एकाखाली एक उमटलेलं होतं. झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. या गोष्टीला आता दीड महिना झाला.

वाचकांना सुलभा ठाऊक आहे ती याच पुरवणीतल्या मुलाखतींमुळे. देश चालवलेली माणसं, परराष्ट्रमंत्री झालेले कामगार पुढारी, परिचारिकेची नोकरी करता करता पंतप्रधान झालेली एक बाई... तीस वर्षं ती अशा माणसांच्या मागे दिल्लीत आणि परदेशात फिरली आणि निवृत्तीनंतर नाते गावातल्या घरी येऊन माडीवरच्या खिडकीपाशी बसून व्हिडिओ कॉलवर तेच काम करत राहिली. खिडकीपाशी एवढ्याचसाठी, की रेंज तिथेच यायची. मी तिची शाळेपासूनची मैत्रीण. महाडला हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. मूळ बोलणं आणि तिचं मराठी ताडून बघायचं काम तिने माझ्यावर टाकलं होतं. “तू अजून वही तपासतेस तशी तपास,” म्हणायची.

लोकांना वाटायचं, एवढ्या मोठ्या माणसांशी बोलते म्हणजे बाई धीट असणार. प्रत्यक्षात मुलाखतीच्या दिवशी तिला अन्न जात नसे. सकाळी थोडी पेज, तीही वनिताने समोर उभं राहून प्यायला लावली तर. हात गार पडायचे. कॉल सुरू व्हायच्या आधी ती तीनदा जाऊन इन्व्हर्टर बघून यायची. मी एकदा विचारलं, एवढं कशाला घाबरतेस गं? तर म्हणाली, “यांची उत्तरं पाठ असतात, नसीम. बोलता बोलता एखादाच क्षण ते अडखळतात. तेव्हा मीच घाईने दुसरा प्रश्न विचारला तर?”

तिची शेवटची मुलाखत एका लहानशा बेटाच्या माजी राष्ट्राध्यक्षांची. ते तरुणपणी बंदर खात्याचे मंत्री असताना गोदी कामगारांचा संप झाला होता. संपकऱ्यांवर गोळीबार करण्याच्या हुकमावर आपण सही केली नाही, हे त्यांनी जन्मभर सांगितलं. त्यावरच त्यांचं सारं राजकारण उभं राहिलं. सुलभाने विचारलं, “त्या दिवशी तुम्ही नेमकं काय केलंत? सकाळपासून सांगा.” ते सांगू लागले आणि मधेच थांबले. सुलभा गप्प राहिली. रेकॉर्डिंगमध्ये मी मोजलं नाही, पण बराच वेळ नुसती पंख्याची घरघर आहे. मग ते म्हणाले, “मी सही करणार होतो. कागद मागवला होता. माझ्या कारकुनाने तो खणात कुलूप लावून ठेवला आणि लष्कराच्या माणसाला सांगितलं, साहेब दौऱ्यावर गेलेत. संध्याकाळी तडजोड झाली. श्रेय मी घेतलं.” आणि त्यांनी त्या कारकुनाचं नाव घेतलं. एकदा नाही, तीनदा.

सुलभा त्या दिवशी पोटभर जेवली. लेख लिहून पाठवलाही. पण गुरुवारी दुपारी ती नाते गावाहून एसटीने थेट माझ्या दारात. चेहरा उतरलेला. तो हुकूम ज्या सेनापतीने पाठवला होता, त्याचा मुलगा आज तिथे सत्तेवर आहे, हे तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं होतं. कारकून जिवंत असेल तर? मी तिला पाणी दिलं आणि म्हटलं, “अगं, तिकडे मराठी कोण वाचतंय?” तिने माझ्याकडे असं बघितलं, की मला बोलल्याचं वाईट वाटलं. “फोनवर बोट ठेवलं की कुठलीही भाषा आपल्या भाषेत वाचता येते आता. तुला माहीत नाही का?”

संपादक बैठकीत होते. आम्ही दोघी माझ्या ओटीवर बसून फोन लावत राहिलो. बाहेरून एमआयडीसीच्या दुसऱ्या पाळीच्या बस गेल्या, चहा निवला, शेवटी फोन लागला. रविवारच्या छापील पानातून नाव निघालं. पण वेबसाइटवर मजकूर सकाळीच चढला होता. तिथून नाव काढेपर्यंत पाच तास झाले होते.

त्या पाच तासांनी तिला खाल्लं. कारकून कसा आहे ते विचारायला माजी राष्ट्राध्यक्षांना तिने पत्रं लिहिली, निरोप पाठवले, उत्तर नाही. रोज सकाळी त्या बेटावरच्या बातम्या उघडायची, कुणी म्हातारा मेलेला सापडला, कुणाला धरून नेलं, असलं काही आहे का बघायची. वनिता मला सांगायची, “ताई जेवत नाय, फोनच बघत बसतात.” छातीत धडधडतं म्हणाली तेव्हा मी डॉक्टरांची वेळ घेतली. “उत्तर येऊ दे, मग जाऊ,” ती म्हणाली. एके दिवशी माझा धीर सुटला. “तू स्वतःला फार मोठी समजतेस, सुलभा. तुझ्या एका लेखाने कुठे जग हलणार आहे?” ती शांतपणे म्हणाली, “जग नाही गं. एक माणूस.” आणि फोन ठेवला. आमचं शेवटचं बोलणं ते. चार दिवसांनी ती गेली.

तिचा फोन मी माझ्याकडे आणला. बंद करायला हात धजेना. तेरावं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो वाजला. परदेशातला नंबर. मी घाबरतच उचलला. ते माजी राष्ट्राध्यक्ष स्वतः होते. शस्त्रक्रियेमुळे ते कित्येक आठवडे इस्पितळात होते, निरोप आता पाहिले. मी काही सांगायच्या आत ते बोलू लागले. कारकून जिवंत आहे. ऐंशीच्या पुढचा, डोंगरातल्या एका गावी मुलीकडे राहतो. त्याला कुणीही त्रास दिलेला नाही. यांनी माणूस पाठवून त्याला लेख वाचून दाखवला, नाव काढलेला. तर म्हातारा भडकला. “जन्मात एक बरं काम केलं, आणि तिथेच माझं नाव नाही? त्या बाईंना सांगा, नाव छापा.”

मी त्यांना सांगितलं, त्या बाई गेल्या. मग त्यांनी हळूच विचारलं, “माझ्या उत्तराची वाट बघत होत्या का?” मी हो म्हटलं. खोटं बोलता आलं असतं... नाही बोलले.

संपादक म्हणाले, आता त्याचीच परवानगी आहे, या लेखात नाव देऊया. नाव मला पाठ आहे. लिहायला बसलेही. पण पेन उचललं आणि परत खाली ठेवलं. म्हाताऱ्याचं आयुष्य जगून झालंय. त्याच्या मुलीला त्याच गावात राहायचंय. तिला कुणी विचारलं? मी राष्ट्राध्यक्षांना परत फोन लावला. ते थोडे ओशाळले. म्हणाले, “नाही. तिला नाही विचारलं. विचारून कळवतो.”

त्याला आज नऊ दिवस झाले. सकाळी उठल्यावर मी आधी त्या बेटावरच्या बातम्या बघते. आज काही नव्हतं. मुलीचं उत्तरही अजून आलेलं नाही, म्हणून या लेखात ते नाव नाही. मुलीचा होकार आला, तर पुढच्या एखाद्या अंकात नुसतं ते नाव छापा, एवढं संपादकांकडून कबूल करून घेतलं आहे.