ओळखीचा भाव

कुंभारवाड्याकडच्या आमच्या वाडीत फोनला रेंज मिळते ती फक्त टेकडीवर. त्यामुळे पाच घरांची ऑनलाइन खरेदी माझ्या एकटीच्या फोनवरून व्हायची. गमबूट, टॉर्च, कुकरची रबरं, सगळं. पार्सल रामनगरच्या एका दुकानात उतरायचं, तिथून बसनं आणायचं. ही शक्कल माझीच होती, कबूल करते. रामनगरच्या बाजारात जुन्या गिऱ्हाइकाला ओळखीचा भाव लावतात, म्हणजे चार पैसे कमी. सगळ्यांनी एकाच फोनवरून घेतलं तर त्या ॲपशीही आपली ओळख वाढेल, असं मी सगळ्यांच्या गळी उतरवलं होतं. काय ती अक्कल!

शेजारच्या अक्कांसाठी मी गुडघ्याचा पट्टा मागवला. सहाशे चाळीस रुपये. त्याच आठवड्यात रामनगरला दिलेली त्यांची लेक माहेरी आली आणि म्हणाली, तोच पट्टा तिच्या फोनवर चारशे नव्वदला आहे. मी तिला टेकडीवर नेलं, दोन्ही फोन शेजारी शेजारी धरले. पट्टा तोच, विकणारा तोच, भाव दोन. मला वाटलं, मधले दीडशे मी खाल्ले या संशयातून सुटले.

"तुमच्याच फोनवर जास्त दावतंय, म्हंजे कंपनी तुमास्नी कमिशन देत आसंल," असं म्हणून ती तरातरा खाली उतरली.

मी तिथूनच कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, किंमत प्रत्येक खात्यानुसार वेगळी असू शकते."

"मग तसं किमतीखाली लिहायला हात मोडतात का तुमचे?" मी ओरडलेच. तिनं माझी तक्रार नोंदवून घेतली म्हणे. तो पट्टा कसा धुवायचा हे चार भाषांत छापतात मेले, पण हा भाव फक्त तुमच्यासाठी लावलाय, एवढं सांगायला जागा नाही. कायद्यानं नाक दाबल्याशिवाय हे लोक लिहिणार नाहीत.

संध्याकाळी अक्का स्वतःच आल्या. गुडघ्याला पट्टा होता. मी पहिल्यापासून सगळं सांगायला लागले, तर त्यांनी माझा हात धरला.

"आसू दे गं बाय. घेतलंस कमिशन तर काय बिघडलं? टेकडी चढतीस न्हवं आमच्यापायी?"

त्या रागावल्या असत्या तर मी भांडले असते. त्यांनी मला माफच करून टाकलं.