जुन्यावर येतंय का?

व्हिडिओ गेमचं नवं मशीन बाजारात आलं म्हणून जुन्या मशीनसाठी खेळ निघायचे एकदम थांबत नाहीत. ते कमी होत जातात. पहिल्या वर्षी फरक जाणवत नाही. जुनी मशीन घरोघर असतात आणि एवढं गिऱ्हाईक सोडायला कोणी तयार नसतं. दुसऱ्या वर्षी यादी आखडते. तिसऱ्या वर्षापासून एकेक नाव शोधून काढावं लागतं. पुण्यातल्या एका वर्तमानपत्रात मी बारा वर्षं बातम्या तपासायचं काम केलं, आता तेच काम राजुरीतल्या घरून करते; पण व्हिडिओ गेमचा मजकूर पुरवणीत जायचा आणि पुरवणी दुसरी माणसं बघायची. मला हे सगळं कळलं ते धाकट्या भावामुळे.

भाऊ आठवीत असताना त्याला जिना चढताना गुडघ्यावर हात टेकवावा लागू लागला. डॉक्टरांनी स्नायूंचा आजार सांगितला. तो हळूहळू वाढतो आणि थांबवता येत नाही. विशीत चाकाची खुर्ची आली. आज त्याने तिशी ओलांडली आहे. खांदे आणि दंड उचलत नाहीत, मनगटं आणि बोटं चालतात. त्या बोटांवर तो दिवसभर फोनवरून गावातल्या लोकांचे अर्ज भरतो: सातबारा, पीक विमा, रेशनकार्डात नाव वाढवणं. चार वाजले की फोन बाजूला ठेवतो आणि टीव्ही लावायला सांगतो. तिथून अंधार पडेपर्यंतचा वेळ खेळाचा.

त्याचा कन्सोल, म्हणजे खेळाचं मशीन, जुन्नरमधल्या एका दुकानातून जुनाच घेतलेला. नवं मशीन त्या दुकानात आलं तेव्हा दुकानदाराने फोन करून त्याला बोलावलं. दोन पायऱ्या खुर्चीसकट उचलून आत घेतलं, पंखा त्याच्याकडे फिरवला आणि नव्या मशीनचा रिमोट हातात दिला. आमच्याकडे कंट्रोलरला रिमोटच म्हणतात. पाच मिनिटांत भावाची मनगटं मांडीवर पडली. दुकानदाराने पार्सल तोलायच्या काट्यावर दोन्ही रिमोट ठेवून पाहिले. नवा जड होता. फार नाही, मूठभर शेंगदाण्यांएवढा.

"मशीन झकास हाय," भाऊ म्हणाला. "पण हे धरायला मला आजून एक मनगट पायजे."

"मग जुनंच ठेवा भाऊ," दुकानदार म्हणाला. "मी हाय तोवर त्याची बटणं बदलून देत जाईन."

बटणं त्याने खरंच बदलून दिली. पण खेळ तो बनवू शकत नव्हता. त्या दिवसापासून आमच्या घरात एक प्रश्न रोज निघू लागला. कुठल्याही नव्या खेळाची बातमी आली की भाऊ विचारायचा, "जुन्यावर येतंय का?" शोधून सांगायचं काम माझं. इंग्रजी त्यालाही येतं, पण बातमी खरी की खोटी हे ताईने बघायचं, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

जुन्यासाठी जे निघत होतं त्याची त्याने मनाशी वर्गवारी केली होती. क्रिकेट-फुटबॉलचे दरवर्षीचे खेळ तो धरतच नसे. खेळाडूंची नावं बदलायची आणि कालचं पुन्हा ताटात वाढायचं, असं त्याचं मत. मोठे खेळ नव्या मशीनच्या मापाने बेतलेले असत. जुन्यावर ते अडखळत, चित्र फिसकटे आणि मशीनचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा वाजे. उरले लहान लोकांनी, चार-पाच जणांनी मिळून केलेले खेळ. ते कमी होते, पण जुन्या मशीनची ताकद ओळखून केलेले होते. नवं मशीन आल्यानंतर जुन्यावर जे घेण्यासारखं आलं ते त्यांच्याकडूनच, असं तो म्हणे. मी सुरुवातीला वाद घातला. नंतर यादी पाहिली तेव्हा त्याचं म्हणणं बरोबर निघालं.

त्याचा सगळ्यात आवडता खेळ अशाच एका लहान मंडळींचा होता: रेल्वे चालवण्याचा. डाव्या हाताने वेग, उजव्या अंगठ्याने ब्रेक. घाई नाही, मारामारी नाही. सिग्नल बघायचा, चढ-उतार ओळखायचा, गाडी फलाटावर खुणेला उभी करायची. खेळातले सगळे मार्ग त्याने पुरे केले होते. बघायला रोज आमचे चुलते यायचे. वडिलांच्या भावकीतले, सत्तरीचे, शेजारच्या मळ्यातले. त्यांना आम्ही तात्या म्हणतो. ऊस उभा असला की बिबट्याच्या भीतीने ते उजेडातच घरी परतत, तोवर खाटेवर बसून स्टेशनं मोजत.

"आपल्याकडं रेल्वे येणार येणार म्हणून माजी मिशी पांढरी झाली," ते म्हणायचे. "आली ती तुज्या टीव्हीत."

"तिकीट काढलंय का तात्या?"

"आरं, मी भावकीतला मानूस. मला कसलं तिकीट!"

गेल्या वर्षीच्या तपासणीत डॉक्टरांनी सांगितलं की उजव्या हाताची ताकद आता कमी होत जाईल. डावा आणखी काही वर्षं साथ देईल, उजव्या अंगठ्याचं सांगता येत नाही, कदाचित वर्ष. परतीच्या गाडीत मंचर मागे पडल्यावर भावाने एवढंच विचारलं की रेल्वेच्या खेळाचा दुसरा भाग जाहीर झालाय तो जुन्यावर येतोय का. प्रश्न नेहमीचा होता, पण आता त्याला मुदत लागली होती. खेळ अंगठा थकायच्या आधी यायला हवा होता.

मी त्याच संध्याकाळी पाहिलं. घोषणेत दोन्ही मशीनची नावं होती. "पक्कं आहे," मी सांगितलं.

वर्तमानपत्रात असताना एका ठिकाणाहून आलेली बातमी मी कधी पुढे जाऊ दिली नाही. दुसरीकडून खात्री झाल्याशिवाय 'पक्कं' हा शब्द आम्ही कुणाला वापरू देत नसू. घरी मी तो एका जाहिरातीवरून वापरला. खेळ यायला तीन आठवडे राहिले तेव्हा मला दिसलं की जुन्या मशीनचं नाव घोषणेच्या पानावरून गेलेलं आहे. खुलासा नव्हता, नुसतं नाव काढून टाकलं होतं. बनवणाऱ्यांना ईमेल केला. उत्तर आलं की जुन्या मशीनला हा खेळ पेलत नाही, म्हणून तो विचार सोडला आहे.

ते मी भावाला सांगितलं नाही. रोज उद्यावर ढकलत गेले. आमच्या कामात याला बातमी दाबणं म्हणतात, आणि तो शब्द मी अनेकांबद्दल वापरला आहे.

आठवडाभराने लक्षात आलं की भावाने विचारायचंच बंद केलं आहे.

"ताई," तो एका दुपारी म्हणाला, "त्यांनी जुन्यावरचं काढून टाकलंय."

"तुला कधी कळलं?"

"तुला कळलं त्याच दिवशी. काय कारण नसताना तू शिरा केला व्हता."

मी चूक कबूल केली. त्याने ऐकून घेतलं आणि टीव्ही लावायला सांगितला. पुढचे दोन महिने तो जुनेच मार्ग चालवत राहिला. उजवा अंगठा बटणावरून घसरायला लागला होता. गाड्या खुणेच्या पुढे जाऊन थांबत.

मग त्याच मंडळींनी जाहीर केलं की पहिल्या भागासाठी एक नवा मार्ग काढत आहोत, डोंगरातला. या वेळी मी आधी ईमेल केला, उत्तर मिळेपर्यंत घरात बोलले नाही, आणि मग उत्तरच त्याला वाचून दाखवलं. हा मार्ग जुन्या मशीनवर येणार होता. त्यानंतर जुन्यासाठी ते काही करणार नव्हते.

मार्ग आला तेव्हा थंडी सुरू झाली होती. नवं मशीन येऊन तिसरं वर्ष संपत आलं होतं, आणि तरी हे काम नीट केलेलं होतं: ओल्या कपारी, बोगदे, पुलाखालून जाणारी मेंढरं. पंखाही वाजला नाही. तात्या म्हणाले, हा तर आपला माळशेज. पण घाट उताराचा होता. उतारावर ब्रेक दाबून धरावा लागतो आणि सोडायचाही बेताने. पहिल्या दुपारी गाडी स्टेशन ओलांडून गेली. दुसऱ्या दुपारीही. पाच दिवस तो तोच उतार लावत होता. सहाव्या दिवशी त्याने मशीन बंद करायला सांगितलं आणि भिंतीकडे बघत बसला.

"आता काय, जुन्यावर आलं तर हातच न्हाई."

त्याचा एक नियम होता. रिमोटला दुसऱ्याने हात लावायचा नाही. लहानपणी चुलतभावंडं "दे, मी पार करून देतो" म्हणायची, तेव्हापासूनचा. म्हणून मी हात पुढे केला नाही. बोलले तात्या.

"सावडीनं करा की."

सावड म्हणजे एकमेकांच्या रानात आळीपाळीने राबणं. आज तुमच्या कांद्याची लागण, परवा आमच्या. मजुरी द्यायची नाही, घ्यायची नाही, फेड कामाने.

"तू मोटर चालू कर, तिला पान्याची दारं धरू दे," तात्या म्हणाले. "एकट्यानं रान भिजतंय व्हय?"

"सावडीत फेड असती तात्या," भाऊ म्हणाला. "मी ताईच्या कुठल्या रानात राबायला जानार?"

तात्यांनी खाटेवरून पाय खाली सोडले. "लई शाना झालास. माजा पीक विमा कोन भरतंय? हिचा ल्यापटाप बंद पडला तवा घरात रडारड कुनी थांबवली? तुजी पाळी कवाच झाली. आता तिची हाय. ती चुकवाया लागली तर मी बोलंन तिला."

रडारड झाली नव्हती, पण ती दुरुस्ती मी केली नाही. भावाने भिंतीवरची नजर काढून रिमोटकडे वळवली.

"मी म्हनल्याशिवाय दाबायचं न्हाई," तो शेवटी म्हणाला. "आनि मी सोड म्हनलं की सोडायचं. ईमेल पाठवून खात्री करत बसायची न्हाई."

खुर्चीच्या दोन्ही हातांवर जेवायचा पाट आडवा ठेवला. त्यावर रिमोट. डावी बाजू त्याची, उजव्या बटणावर माझा अंगठा. पहिल्या फेरीत मी घाबरून दाबला तो सोडलाच नाही आणि गाडी बोगद्यात उभी राहिली.

"आगं सोड! सोड की!"

"पावनी मंडळी उतरून चालत निघाली बघ," तात्या म्हणाले. "बोगद्यात जनावर असलं मंजे?"

दुसऱ्या फेरीत उशीर झाला. तिसऱ्या फेरीत मी पडद्याकडे बघायचं सोडलं आणि फक्त त्याचा आवाज ऐकला. दाब. धर. थोडं सोड. आजून थोडं. पूल गेला, मेंढरं गेली. तो गाडीकडे बघत बोलत होता आणि आवाजात घाई नव्हती. दाब. आता पूर्ण. गाडी फलाटाच्या खुणेपाशी उभी राहिली, हातभर अलीकडे.

तात्या टाळ्या वाजवणाऱ्यांतले नाहीत. त्यांनी स्टेशनचं नाव विचारलं, ते त्यांना उच्चारता आलं नाही, आणि ऊस दिसतोय तोवर निघतो म्हणून ते गेले.

"घेण्यासारखा होता?" मी विचारलं.

"हा धरायचा," भाऊ म्हणाला. "जुन्यावर आता काय येनार न्हाई, पन हा धरायचा."

त्याने परतीची गाडी लावली. घाटाचा चढ. चढावर ब्रेकचं काम नसतं, म्हणून मी पाटावरून हात काढला.

"राहू दे हात," तो म्हणाला. "पुढं सिग्नल हाय."