आई नेपल्सला बसल्या तेव्हा

मृणालचा फोन आला तेव्हा मी आखातातल्या फुजैरा बंदरावर ऑफिसात होतो. "आई गेली..." एवढंच ती बोलली. दुपारी जेवून खुर्चीत टेकल्या, डोळा लागला, तो पुन्हा उघडलाच नाही. पुढचे दिवस कागदपत्रं, तिकिटं, नातेवाइकांना फोन असं एकेक काम मी यादीतून खोडत गेलो. यादी संपली आणि काय करावं ते सुचेना. मग डोळ्यांपुढे सारखं एक इटालियन शहर येऊ लागलं.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. सासरे, अण्णा, गेल्यावर त्यांनी वाईच्या घरात एकटं राहू नये म्हणून आम्ही त्यांना इकडे आणलं. मृणाल एकुलती एक, तिच्याशिवाय त्यांना होतं कोण? पण जावयाच्या घरी कायमचं राहायचं हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं. मी कामावरून आलो की त्या सोफ्यावरून उठायच्याच. "बसा हो आई," म्हटलं की "बसते ना, जावईबापू," म्हणत स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहायच्या. बॅग पलंगाखाली, अर्धी भरलेली. "आता मला पोचवा" हे पालुपद रोजचं. एकदा मृणालचा तोल गेला. "आई, हे घर आहे, एसटी स्टँड नाही!" आई त्यावरही उभ्या उभ्याच हसल्या. पण त्या परत गेल्या तर तिकडे एकट्या झुरतील, ही धास्ती आमच्या घरात दिवसरात्र होती.

त्याच सुमारास कंपनीनं मला कामासाठी नेपल्सला पाठवलं आणि मी दोघींनाही बरोबर नेलं. ते शहर आठवतं ते स्वप्नासारखंच, मागचं-पुढचं न जुळणारं... समुद्रावरून येणारा मीठ आणि भाजलेल्या पावाचा वास, अरुंद गल्ल्यांवर या खिडकीतून त्या खिडकीत वाळणाऱ्या चादरी, त्यांतून गाळून येणारं पिवळट ऊन, आणि त्या उन्हातून एका स्कूटरवर अख्खं कुटुंब भुर्रकन निघून जाणारं. सगळे एकाच वेळी ओरडत होते आणि कुणीच भांडत नव्हतं. मी हातात नकाशा धरून संग्रहालय शोधत होतो. तिसऱ्यांदा त्याच मासळीच्या दुकानापाशी आलो तेव्हा आई म्हणाल्या, "जावईबापू, हा बोंबील आपल्याला ओळखायला लागला."

पुढच्या गल्लीत एक म्हातारी दारात बसून मटार सोलत होती आणि वरच्या मजल्यावरच्या बाईशी तारस्वरात वाद घालत होती. आम्ही समोर आलो आणि ती दोन्ही पंजे खाली दाबत गरजली, "बास्ता! बास्ता!" आई थबकल्या. "अगंबाई, बसता का म्हणतायत त्या." तिच्या शेजारी एक रिकामी खुर्ची होती. आईंनी पदर सावरला आणि सरळ जाऊन बसल्या. म्हातारीनं वाद अर्ध्यावर सोडला. मग अशी हसली, की गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. तिनं मटारची टोपली दोघींच्या मधे ओढली. आई सोलू लागल्या. ती तिच्या भाषेत, या यांच्या भाषेत, आणि गप्पा अगदी रंगात आलेल्या! बोटभर कपात काळीकुट्ट कॉफी आली. "तुम्हीही टेका की. विजेच्या खांबासारखे काय उभे?" आई मला म्हणाल्या. मी पायरीवर टेकलो. नकाशा कधी घडी केला, आठवत नाही. किती वेळ गेला, तेही नाही. चादरी हलत होत्या, ऊन हलत होतं...

त्या संध्याकाळी हॉटेलात वेटर मृणालच्या ताटलीत चीज किसत होता. थांबवायचं कसं असं विचारल्यावर त्यानं शिकवलं, "बास्ता म्हणा." बास्ता म्हणजे पुरे. मृणाल हसून हसून मेटाकुटीला आली. आई मात्र काटा खाली ठेवत म्हणाल्या, "म्हणजे ती पुरे म्हणत होती, आणि मी बसले?"

"हो गं आई!"

"आणि तरी कॉफी पाजली तिनं..." त्यांनी पावाचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "न बोलावता बसलं, तरी कुणी उठवत नाही म्हणायचं."

फुजैराला परतल्यावर दोन-तीन दिवसांतच मी घरी आलो तर आतून ठोकाठोकी ऐकू आली. आई स्टुलावर चढून भिंतीत खिळा मारत होत्या. बॅगेत साड्यांच्या घडीत ठेवलेला अण्णांचा फोटो पलंगावर होता. हातोडी त्यांनी माझ्या खणातून घेतली होती, न विचारता. "वाकडा गेला वाटतं," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "चालेल." पाहुणी माणसं भिंतीत खिळे मारत नाहीत. वाईचं नाव त्यानंतर निघालं ते फक्त सुट्टीपुरतं.

परवा आईंचा फोटो फ्रेम होऊन आला. मृणालनं तो अण्णांच्या शेजारी धरला आणि माझ्याकडे पाहिलं. मी एरवी टेप आणि पेन्सिल घेतल्याशिवाय भिंतीला हात लावत नाही. त्या दिवशी नुसती हातोडी घेतली आणि अंदाजानंच खिळा ठोकला. तोही वाकडाच गेला. तसाच ठेवला.